मागचा शॉकअप: बिघाड ओळखण्यापासून नवा बसवण्यापर्यंत

बेळगावहून चोर्ल्याच्या वाटेने गोव्याकडे निघालेल्या माणसाला जांबोटी मागे पडली की आपल्या गाडीच्या मागच्या भागाची खरी ओळख होते. निपाणी-चिकोडी पट्ट्यात हेच काम उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी दबलेले रस्ते करतात. मग गाडी गॅरेजला नेऊन "मागनं लई वाजालंय" एवढे म्हणायचा अवकाश, समोरून उत्तर तयार असते: "शॉकअप गेलंय बघा, दोन्ही बदलूया." हे निदान कधी बरोबर ठरते आणि पुष्कळदा ठरत नाही. तेव्हा मागचा शॉकअप खरोखरच निकामी झाला आहे का हे आपले आपण कसे पाहावे, आणि झाला असल्यास थोडीफार हत्यारे हाताळता येणाऱ्या माणसाने तो घरी कसा बदलावा, हे येथे क्रमाने सांगत आहे.

हत्याराला हात लावण्यापूर्वी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी, कारण पुढच्या बहुतेक चुका ती न समजल्यामुळे होतात. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप पेलत नाही. खड्ड्यात चाक आदळल्यावर स्प्रिंग दबते, उसळते, पुन्हा दबते आणि तिला कोणी आवरले नाही तर ती बराच वेळ नाचत राहते; तिला आवरणे हे शॉकअपचे मुख्य काम आहे. त्याच्या नळीत तेल असते, तेलात बारीक छिद्रांचा आणि झडपांचा दट्ट्या असतो, आणि दट्ट्याचा दांडा वर-खाली होताना तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते. खानापूर भागात भाताची लावण केलेल्या माणसाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही: चिखलात रुतलेला पाय सावकाश ओढला तर निघतो, हिसका दिला तर चिखल धरून ठेवतो. शॉकअपही तसाच हळू हालचालीला वाट देतो, झटक्याला अडवतो, आणि अडवलेल्या हालचालीची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो.

यावरून निदानाचा निम्मा भाग उलगडतो. डिकीत काही नसतानाही गाडी मागून बसलेली दिसत असेल तर दोष बहुधा स्प्रिंगचा आहे आणि नवा शॉकअप घालून ती वर उठणार नाही. खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा हेलकावत असेल तर संशय शॉकअपवर घ्यावा. धक्क्याबरोबर एकच कोरडा ठोका ऐकू येत असेल तर आधी रबरी बुश (शॉकअपच्या जोडात बसवलेली रबरी नळी), वरची बैठक (शॉकअपचे वरचे टोक गाडीला जिथे जोडले जाते ती जागा) आणि डिकीतले सामान तपासावे.

गाडीच्या मागच्या बाजूची रचना कोणती आहे, हेही आधीच पाहून ठेवावे. स्विफ्ट किंवा आय-ट्वेंटीसारख्या गाड्यांत मागे ट्विस्ट बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी आडवी पोलादी तुळई, असतो आणि त्यावर कॉइल स्प्रिंग व शॉकअप वेगवेगळ्या जागी बसवलेले असतात. बोलेरो किंवा जुन्या ऑम्नीला मागे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) असतात आणि शॉकअप स्वतंत्र असतो. या दोन्ही प्रकारांत काम घरी करण्याजोगे आहे. मात्र काही गाड्यांत स्प्रिंग शॉकअपच्याच अंगावर चढवलेली असते. तिथे वरचा मधला नट सोडला की दाबून ठेवलेली स्प्रिंग शेकडो किलोंच्या जोराने सुटते, म्हणून स्प्रिंग दाबून धरणारे योग्य हत्यार आणि त्याचा सराव नसेल तर ते काम गॅरेजवरच सोपवावे. पुढील मजकूर पहिल्या दोन प्रकारांच्या गाड्यांसाठी आहे.

आधी निदान

तपासणीची सुरुवात गाडीच्या खाली न करता डिकीत करावी. जॅक, पाना, स्टेपनी, पाण्याचे कॅन, नारळ, गुळाची ढेप, जे असेल ते सगळे बाहेर काढावे आणि त्याच रस्त्यावरून एक फेरी मारावी. हे हास्यास्पद वाटेल, पण मी स्वतः या एका फेरीच्या आळसापायी दोन नव्या शॉकअपचे पैसे घातले आहेत. गॅरेजमध्ये दोन्ही बदलले, गाडी घरी आणली, आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावर तोच ठोका पुन्हा ऐकला. आठवडाभराने पंक्चर झाले म्हणून गालिचा उचलला, तेव्हा स्टेपनी धरून ठेवणारा बोल्ट नुसत्या बोटांनी फिरत होता आणि रिम जिथे आदळत होती तिथला रंग उडून पत्रा रुपयाएवढा लखलखीत झाला होता. जुन्या शॉकअपमध्ये काही दोष होता की नाही, हे मला आजतागायत कळलेले नाही.

डिकी रिकामी करूनही त्रास कायम राहिला तर खाली वाकून शॉकअप पाहावा. वरच्या अंगाला दांडा आणि नळी जिथे भेटतात तिथे तेल अडवणारे सील असते. त्याच्या खाली नळीवर तेलाचा हलका, जेमतेम ओलसर थर दिसला म्हणून घाबरू नये. दांड्याबरोबर थोडे तेल बाहेर येतच असते. तेलाचा ओघळ नळीवरून खालच्या बुशपर्यंत आलेला असेल तर मात्र सील गेले, असे समजावे. आपल्याकडच्या तांबड्या मातीचा इथे उपयोगच होतो, कारण गळक्या शॉकअपवर ती चिकटून काळपट तांबडा लेप तयार होतो आणि शेजारचा धड शॉकअप नुसता धुळकट राहतो. पावसाळ्यात हा पुरावा धुऊन जातो आणि उडालेला चिखल तेलासारखा भासतो. अशा वेळी दोन्ही शॉकअप फडक्याने स्वच्छ पुसावेत, दोन-तीन दिवस गाडी नेहमीसारखी चालवावी आणि मग पुन्हा पाहावे. एका दृष्टिक्षेपात निकाल देणाऱ्यापेक्षा पुसून, थांबून पुन्हा पाहणाऱ्याचे निदान अधिक भरवशाचे असते.

त्यानंतर दाबून पाहण्याची सर्वपरिचित चाचणी करावी. गाडी सपाट जागी उभी करून मागच्या एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर द्यावा, दोन-तीन वेळा लय धरून दाबावे आणि गाडी खाली असताना एकदम हात काढावेत. ती वर येऊन थोडीशी खाली जाऊन थांबली तर ठीक; दोनपेक्षा अधिक हेलकावे घेत असेल तर त्या बाजूचा शॉकअप संपत आला आहे. ही चाचणी पूर्ण मेलेला शॉकअप पकडते, अर्धवट थकलेला पकडतेच असे नाही, म्हणून ती उत्तीर्ण झाली एवढ्यावरून शॉकअप निर्दोष ठरवू नये.

अर्धवट थकलेला शॉकअप ओळखण्यासाठी मला हाताने चाचपण्याची पद्धत अधिक भरवशाची वाटते. खराब रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून लगेच थांबावे आणि दोन्ही मागच्या शॉकअपच्या नळ्यांना हाताच्या उलट्या बाजूने आधी जवळून आणि मग अलगद स्पर्श करून पाहावे. काम करणारा शॉकअप कोमट ते बऱ्यापैकी गरम लागतो, कारण अडवलेली हालचाल उष्णता होऊन बाहेर पडते. एक गरम आणि दुसरा गार लागला तर गार असलेला फुकट प्रवास करत आहे. सायलेन्सर ज्या बाजूने जातो तिकडचा शॉकअप त्याच्या झळीनेही तापतो हे लक्षात ठेवावे, आणि हात सायलेन्सरला लागणार नाही याचीही काळजी घ्यावी.

टायरही साक्ष देतो. मागच्या टायरच्या नक्षीवरून तळहात गोलाकार फिरवला असता लाटांसारखे उंचवटे आणि खळगे जाणवले, तर चाक रस्त्यावर टेकून न राहता टप्पे घेत चालले आहे असा त्याचा अर्थ होतो. चाकाचे बॅलन्सिंग बिघडल्यानेही असे होऊ शकते, म्हणून हा पुरावा एकटा न घेता इतरांच्या जोडीने घ्यावा. महामार्गावर यमगर्णीजवळच्या वेदगंगेच्या पुलासारख्या पुलाच्या जोडावरून जाताना गाडीची मागची बाजू नावेसारखी तरंगली, किंवा वळणात मध्येच खड्डा आला असता मागची बाजू बाहेर सरकल्यासारखी वाटली, तर ते शॉकअपचेच लक्षण मानावे.

ठोक्याचा आवाज असेल तर बुश तपासल्याशिवाय खरेदीला जाऊ नये. शॉकअपच्या खालच्या टोकाला गोल कडी असते, तिला डोळा म्हणतात, आणि त्यात रबरी बुश असतो. डोळा आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये लोखंडी पहार किंवा टायर काढण्याची पट्टी घालून तरफेसारखा हळूच जोर द्यावा. रबर किंचित लवचिकपणे हलावे, पण 'टक्' असा मोकळा आवाज येऊ नये. वरच्या बैठकीसाठी दुसऱ्या माणसाला गाडी दाबायला सांगून आपण बैठकीच्या नटावर बोट ठेवावे. सैल बैठकीची टिचकी कानाआधी बोटाला कळते. याच वेळी स्प्रिंगचा शेवटचा वेढा तुटलेला नाही ना, हेही पाहून घ्यावे.

खरेदी

शॉकअप जोडीनेच बदलावेत. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला लाख किलोमीटर चाललेला ठेवला तर गाडी दोन वेगवेगळ्या स्वभावांवर चालू लागते, आणि ओल्या रस्त्यावर अचानक ब्रेक लावला की हा भेद जाणवतो. जो शॉकअप अलीकडेच बदललेला आहे आणि ज्याचा जोडीदार अपघातात वाकला, तेवढा एक अपवाद मी मान्य करतो.

दुकानात जाताना गाडीचा सतरा अक्षर-अंकांचा चासी नंबर बरोबर न्यावा, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक डोळ्याचा व्यास, दांड्याची लांबी किंवा वरची बैठक बदललेली असते. शॉकअपबरोबर धूळ अडवणारे रबरी कव्हर, दांड्यावरचा बंपस्टॉप (शॉकअप पूर्ण दबताना धक्का झेलणारा मऊ ठोकळा), वरच्या बैठकीची रबरे आणि नवे नट हेही घ्यावेत. आपल्याकडे शॉकअप मरण्याआधी बहुधा त्याचे धूळकव्हर फाटते. मग चिखल दांड्याच्या क्रोमवर बसतो, पाऊस त्याला गंज चढवतो, आणि गंजाचे टोकदार कण प्रत्येक धक्क्याबरोबर सील कापत राहतात. फाटके कव्हर तसेच ठेवून नवा शॉकअप बसवणे म्हणजे त्याच आजाराला पुन्हा आमंत्रण देणे होय.

तेल भरून, रंग मारून 'रीकंडिशन' म्हणून विकले जाणारे शॉकअप स्वस्त मिळतात. मी ते बसवत नाही. आतल्या झडपांची आणि सीलची अवस्था बाहेरून कोणालाच दिसत नाही, आणि झिजलेला दांडा रंगाने गुळगुळीत होत नाही. पक्के बिल घ्यावे. गॅरंटीत बदलून घेण्याची वेळ आली तर तोंडी ओळख उपयोगी पडत नाही.

जागा, हत्यारे आणि आदल्या संध्याकाळचे काम

जागा सपाट आणि कठीण असावी. सिमेंटचा कोबा उत्तम, फरशी बरी, अंगणातली तांबडी माती वाईट. मातीवरच काम करणे भाग असेल तर जॅक आणि जॅक स्टँड (उचललेली गाडी पेलून धरणारे लोखंडी टेकू) यांच्याखाली रुंद, जाड लाकडी फळी घालावी. आपल्या घरांभोवती जांभ्याचे चिरे सहज पडलेले असतात आणि टेकू म्हणून ते हाताशी येतात, पण गाडीखाली चिरा कधीही लावू नये. भिंतीत सगळीकडून सारखा दाब असताना पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा हा दगड लोखंडी कडेचा टोकदार भार आला की कोणताही इशारा न देता फुटतो. विटांचेही तेच.

हत्यारांत एक चांगला जॅक, दोन जॅक स्टँड, चाकांना लावण्यासाठी लाकडी अडण्या, चाकाचा पाना, रिंग पाने आणि सॉकेट, लांब दांडा, तारेचा ब्रश, गंज सोडवणारे फवाऱ्याचे तेल, मोजपट्टी, हातमोजे, चष्मा आणि शक्य असल्यास टॉर्क पाना (किती जोराने आवळले ते दाखवणारा) एवढे असावे. गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या एकट्याच्या भरवशावर गाडीखाली डोके घालू नये. टॉर्क पाना महाग वाटला तर मित्राकडून उसना आणावा. किती जोराने आवळायचे तो आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला असतो आणि प्रत्येक गाडीत तो वेगळा असतो. अंदाजासाठी एवढे सांगता येईल की अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकावर दहा किलो वजनाइतका जोर दिला तर सुमारे 49 न्यूटन-मीटर होतात आणि वीस किलोंइतका दिला तर सुमारे 98. यावरून ध्यानात येईल की दांड्यावर उभे राहून बोल्ट आवळणारे लोक त्याला मदत करत नसून तो ताणून तोडण्याच्या बेतात असतात.

आदल्या संध्याकाळी दोन कामे उरकावीत. खालच्या बोल्टवरची आणि वरच्या नटावरची माती ब्रशने काढून त्यावर गंज सोडवणारे तेल मारावे आणि रात्रभर मुरू द्यावे. दुसरे काम मोजमापाचे: गाडी चाकांवर, रिकामी, सपाट जागी उभी असताना मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून कागदी चिकटपट्टीवर लिहावे आणि ती पट्टी कमानीवरच चिकटवावी. हे माप कशासाठी, ते बसवताना कळेल. ते न घेतल्याचा परिणामही तिथेच सांगतो.

जुना काढताना

गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून अडण्या लावाव्यात. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो आणि तीच चाके हवेत जाणार आहेत, म्हणून त्याच्यावर विसंबू नये. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा-अर्धा फेरा सैल करावेत, मग गाडी मागून उचलून कंपनीने ठरवून दिलेल्या जागांखाली दोन्ही बाजूंना जॅक स्टँड लावावेत. गाडी स्टँडवर टेकल्यावर बाजूने चांगली हलवून पाहावी; पडायची असेल तर आपण बाहेर असताना पडू द्यावी. त्यानंतर चाके काढून ती पत्र्याच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवावीत, म्हणजे आणखी एक आधार होतो.

आता जॅक मोकळा झाला. तो ज्या बाजूचे काम करायचे त्या बाजूच्या स्प्रिंगच्या बैठकीखाली लावावा आणि बीम नुसता धरला जाईल इतपत उचलावा. ट्विस्ट बीमच्या मधोमध जॅक लावू नये, तो भाग वजन पेलण्यासाठी बनवलेला नसतो. जॅक लावल्याशिवाय शॉकअपचा बोल्ट काढू नये, कारण अनेक गाड्यांत अॅक्सल (मागची चाके धरणारा आडवा भाग; ट्विस्ट बीमच्या गाडीत तो बीमच) किती खाली लोंबावा हे शॉकअपच ठरवतो. तो सुटला की अॅक्सल खाली जातो, स्प्रिंग जागेवरून निसटते आणि सगळा भार ब्रेकच्या रबरी नळीवर येतो. याच कारणाने एका वेळी एकाच बाजूचा शॉकअप काढावा.

जॅक हाताळायला मदतनीस असेल तर इशारे आधीच ठरवून घ्यावेत. आमच्या गल्लीत मदतीला येणाऱ्या मुलाला मराठी कामापुरती येते, पण घाईच्या क्षणी त्याच्या कानाला कन्नड शब्द लवकर पोचतो, म्हणून "मेले" म्हटले की वर, "केळगे" म्हटले की खाली, आणि "साकु" म्हटले की जिथे असेल तिथे हात थांबवायचा, असे आमचे ठरलेले आहे. तिसरा शब्द सर्वांत महत्त्वाचा.

आधी खालचा बोल्ट काढावा. नट सुटला तरी बोल्ट पुष्कळदा जागचा हलत नाही, आणि नवखा माणूस इथे हातोडा उचलतो. हातोडा ठेवून द्यावा आणि जॅक अगदी थोडा वर किंवा खाली करून पाहावा. बोल्टवरचा ताण ज्या क्षणी नाहीसा होतो त्या क्षणी तो बोटांनी फिरू लागतो. गंजाने धरला असेल तर पुन्हा तेल मारून, बोल्टच्या टोकावर नट अर्धवट चढवून आणि लाकडाचा तुकडा मध्ये धरून ठोकावे, म्हणजे आटे चेपत नाहीत.

वरचा नट काही गाड्यांत डिकीतले बाजूचे आवरण काढल्यावर दिसतो, काहींत चाकाच्या कमानीतून. एकच मधला नट असेल तर पाना लावताच आतला दांडाही फिरू लागतो. दांड्याच्या टोकाला पकडीसाठी चपटी बाजू किंवा खाच दिलेली असते, तिथे छोट्या पान्याने दांडा धरून नट सोडावा. जुना शॉकअप टाकायचाच असला तरी दांडा पकडीने धरण्याची सवय लावू नये. हीच सवय नव्याच्या वेळी क्रोमवर ओरखडा पाडते आणि तो ओरखडा नवे सील कापतो. नट काढण्याआधी वॉशर आणि रबरांचा क्रम मोबाइलवर टिपून ठेवावा. गॅरेजमध्ये ज्याला वायसर म्हणतात तो वाटीसारखा वॉशर उलटा बसला तर महिनाभरात ठोके सुरू होतात.

बाहेर काढलेला शॉकअप उभा धरून दांडा हाताने दाबावा आणि ओढावा. मध्येच मोकळा पडत असेल, आतून खळखळ येत असेल किंवा दाबल्यावर अजिबात विरोध न करता आत जात असेल, तर निदान बरोबर होते. तसे काहीच जाणवले नाही, तर दुसरी बाजू सोडण्याआधी थांबून बुश आणि बैठकी पुन्हा तपासाव्यात.

नवा बसवताना

नवा शॉकअप जुन्याशेजारी ठेवून डोळ्याचा व्यास, नळीची जाडी आणि पूर्ण उघडल्यावरची लांबी ताडून पाहावी. जुना बंपस्टॉप हातात घेतला की बहुधा ओल्या बेसनासारखा चुरा होतो. तो परत वापरू नये. साधा तेलाचा शॉकअप दुकानात आडवा पडून राहिलेला असतो आणि त्याच्या तेलात हवा मिसळलेली असते, म्हणून तो उभा धरून दांडा चार-पाच वेळा सावकाश पूर्ण दाबावा आणि पूर्ण ओढावा, विरोध सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा लागेपर्यंत. गॅसचा शॉकअप पट्टीने दाबून बांधलेला येतो. पट्टी कापली की दांडा आपोआप बाहेर येतो, म्हणून वरचा भाग जागेवर नेईपर्यंत ती कापू नये आणि कापताना तोंड त्याच्या रेषेत ठेवू नये.

कव्हर आणि बंपस्टॉप दांड्यावर चढवून वरची बैठक आधी लावावी, नट हातानेच फिरवावा, मग जॅक थोडा हलवून खालचा डोळा ब्रॅकेटच्या भोकासमोर आणावा आणि बोल्ट घालावा. बुश आत सरकेना तर साबणाचे पाणी लावावे. इंजिन ऑइल किंवा ग्रीस रबर फुगवून निकामी करते. वरचा नट आतल्या नळकांडीला टेकेपर्यंत ठरलेल्या जोराने आवळावा. रबर भाकरीसारखे चपटे होऊन बाहेर आले तर आवळणे जास्त झाले.

खालचा बोल्ट मात्र या घडीला पूर्ण आवळू नये. बुशचे रबर आतल्या आणि बाहेरच्या पोलादी नळीला भाजून चिकटवलेले असते. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटला जखडली जाते, आणि त्यानंतर अॅक्सल वर-खाली होताना रबर पिळते व सैल पडते. ज्या स्थितीत बोल्ट आवळला ती त्या रबराची विसाव्याची स्थिती होते. अॅक्सल हवेत लोंबत असताना आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि प्रत्येक धक्का त्या पिळात भर घालतो. मी पहिल्या वेळी सगळे बोल्ट हवेतच मनापासून आवळले होते. पुढच्या पावसाळ्यापर्यंत दोन्ही बुश डोळ्याच्या कडेने सरळ रेषेत फाटले, आणि मी काही काळ शॉकअपच खराब निघाले अशी समजूत करून बसलो होतो.

इथे चिकटपट्टीवरचे माप उपयोगी पडते. स्प्रिंगच्या बैठकीखालचा जॅक सावकाश उचलत न्यावा आणि चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंतचे अंतर मापाच्या जवळ आले की "साकु" म्हणावे. गाडी स्टँडवरून उचलली जाऊ लागली तर त्याआधीच थांबावे. या स्थितीत बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळावा. ज्या गाडीत खालचा बोल्ट चाक लावूनही सहज हाताशी येतो, तिथे गाडी चाकांवर उतरवून मग आवळणे अधिक सोपे आणि अधिक अचूक. पाट्यांच्या गाडीतही नियम हाच आहे.

जॅक काढण्याआधी स्प्रिंगचे टोक आपल्या खाचेत बसले आहे ना, ब्रेकची नळी, एबीएसची तार आणि हँडब्रेकची केबल कुठे दबलेली किंवा ताणलेली नाही ना, हे हात फिरवून पाहावे. मग दुसरी बाजू. पहिल्या बाजूला तीन तास लागले असतील तर दुसरीला एक तास पुरतो. शेवटी चाके लावून गाडी उतरवावी आणि चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत.

रस्त्यावर आणि त्यानंतर

गाडी प्रथम अंगणातच दाबून पाहावी, मग ओळखीच्या खराब रस्त्यावर सावकाश चालवावी. नवा शॉकअप सुरुवातीला थोडा कडक वाटतो. जुन्याच्या सैलपणाची अंगाला सवय झालेली असते. लाटा पडलेले टायर मात्र नव्या शॉकअपवरही काही काळ घूं घूं करत राहतात, तो आवाज टायरचा आहे. नुसते मागचे शॉकअप बदलल्याने ट्विस्ट बीमच्या गाडीत व्हील अलाइनमेंट बिघडत नाही, म्हणून कोणी आग्रह केला तरी त्यासाठी पैसे घालण्याचे कारण नाही. बॅलन्सिंग करून घ्यावे.

शंभरेक किलोमीटर झाल्यावर वरचे-खालचे नट आणि चाकांचे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत, आणि नळ्यांवर तेलाचा ओघळ नाही ना ते पाहावे. पहिल्या मोठ्या पावसानंतर धूळकव्हर दांड्यावरून घसरलेले नाही ना, एवढे आणखी एकदा वाकून पाहावे.

काढलेले शॉकअप भंगारात देताना देणाऱ्याने सांगणे आवश्यक आहे की आत तेल आहे आणि गॅसचा असेल तर दाबही आहे. मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीच्या, प्रकारात हा दाब बाहेरच्या हवेच्या वीस-तीस पट असू शकतो. तो कापू नये, त्याला भोक पाडू नये, आणि कचऱ्याबरोबर जाळात तर मुळीच टाकू नये.